फोनवर सिरका, बिलावर अ‍ॅसिड : तुमच्या ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच्या कॅनबद्दल तक्रार

प्रति,
मॅनेजर साहेब, विक्री विभाग
(कंपनीचं नाव पाकिटावर आहे, इथं परत लिहीत नाही)

विषय : ३० किलोच्या कॅनला लेबल नाही, झाकण ढिलं, माहितीचा कागद नाही, आणि पोरगा भाजला तेव्हा तुमचा नंबर कोणी उचलला नाही

साहेब नमस्कार,

मी मोहाडी तालुक्यातून लिहिते आहे, जिल्हा भंडारा. आमचं घर कोशाचं (टसर रेशमाचं), म्हणजे यांचा माग आणि माझी रंगाई. कोशाच्या सुताला रंग धरायला आंबट पाणी लागते, म्हणून तुमचं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लागते (९९ टक्क्यांचं, ग्लेशियल म्हणतात ते), किलोभर सुताला जेमतेम वीस ग्रॅम. चार वर्षं झाली तुमच्याकडूनच घेते. भांडायची मला हौस नाही, पण मागच्या मंगळवारी जे झालं त्याच्यानंतर गप्प बसणं जमत नाही.

आधी जानेवारीचं सांगते कारण सुरुवात तिथूनच झाली. त्या वेळी आलेला कॅन सकाळी उघडायला गेले तर आत सगळा दगड. आमच्या इकडे थंडीत रात्री पारा दहाच्याही खाली जातो, आणि हे अ‍ॅसिड म्हणे १६.६ डिग्रीलाच गोठते, हे मला आता कळलं, तेव्हा वाटलं माल खराब निघाला. तुमच्या ऑफिसला फोन लावला तर तिकडून उत्तर, "काही नाही ताई, चुलीजवळ ठेवा, पाघळून जाईल, सिरकाच तर आहे." मी ठेवलाही असता हो! माझा मुलगा तुमसरला बीएस्सी करतो, त्या दिवशी नशिबाने घरी होता, तो ओरडला. त्यानं दुसऱ्या एका कंपनीचा माहितीचा कागद मोबाईलवर काढून वाचून दाखवला. पाघळताना हे फुगते, म्हणजे घट्ट झाकणाच्या कॅनला आतून जोर बसतो. आणि ३९ डिग्रीला त्याची वाफ पेट घेऊ शकते. आता चुलीजवळ ३९ व्हायला किती वेळ लागतो तुम्हीच सांगा. मग झाकण थोडं ढिलं करून कॅन कोमट पाण्याच्या टबात ठेवला, आजूबाजूला विस्तव नाही, दारं उघडी. अर्धा दिवस गेला पण झालं.

सिरका सिरका काय लावलंय, चायनीजच्या गाडीवर मिरचीच्या बाटलीत असते त्या सिरक्यात (व्हिनेगरमध्ये) हे अ‍ॅसिड चार-पाच टक्के असते, तुमच्या कॅनमध्ये ९९. आणि विकताना बरं तुम्हाला आठवते, आधारची झेरॉक्स घेता, रजिस्टरवर सही घेता, २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं म्हणून. म्हणजे कागदावर ते अ‍ॅसिड आणि फोनवर सिरका.

आता मंगळवारचं. मे महिना, दुपारी दीडची वेळ, पारा ४४ च्या वर. तुमचा माल एका छोट्या हत्तीत आला. ड्रायव्हर पोरगं विशीचं, त्याला गाडीत काय आहे ते ठाऊक नाही. गाडीवर धोक्याची पाटी नाही, त्याच्याजवळ कागद नाही. कॅन हलू नये म्हणून खाली चारी बाजूनं तणीस (भाताचा पेंढा) भरलेली, भर उन्हात, आणि त्याच तणशीत माझा हायड्रोजन पेरॉक्साइडचा कॅन अ‍ॅसिडच्या कॅनला चिकटून. पेरॉक्साइड आम्ही सूत पांढरं करायला घेतो, ते मीच मागवलं होतं, पण एकाला एक लावून ठेवा असं मी कुठं म्हटलं? हे दोन मिसळले की पेरअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड तयार होते, ते ह्या दोघांपेक्षा वाईट, नुसतं जाळत नाही तर पेटायलाही मदत करते. खाली वाळलेली तणीस. पोट्टा सांगत होता की रस्त्यात दोनदा बिडी ओढली. मला ऐकूनच घाम फुटला.

माझ्या दिराच्या मुलानं कॅन उचलून खांद्याशी घेतला. झाकण अर्धंच फिरवलेलं होतं. आतला सील तर नव्हताच. अ‍ॅसिड त्याच्या डाव्या हातावरून, पोटावरून, मांडीपर्यंत गेलं. गंमत बघा, म्हणजे गंमत नाही, पण तो ओरडलाच नाही. "काकू, गार लागते," म्हणाला. ह्या अ‍ॅसिडचं असंच असते, कधी कधी आग लगेच कळत नाही, फोड तासाभरानं नाहीतर रात्री येतात, आणि तोवर माणूस म्हणतो काही झालं नाही. मी त्याचे कपडे तिथंच अंगणात काढायला लावले, तो लाजत होता, मी म्हटलं लाज नंतर, आणि बोअरचा पाईप लावून हातावर पोटावर मांडीवर पाणी, घड्याळ बघून वीस मिनिटं. सासूबाई खोबरेल तेल घेऊन आल्या, शेजारचे भाऊ टूथपेस्ट घेऊन. दोघांनाही लांब ठेवलं, रागावले ते माझ्यावर.

त्यातच यांनी तुमच्या बिलावरचा इमर्जन्सी नंबर लावला. सहा वेळा. सातव्यांदा ऑफिसच्या नंबरवर कोणीतरी उचलला आणि म्हणते, खाण्याचा सोडा चोळा. साहेब, अ‍ॅसिड लागलेल्या कातडीवर सोडा चोळत नसतात, तिथं सोड्याच्या नादात पाणी मारायचा वेळ जातो, वर चोळण्यानं कातडी निघते ते वेगळंच. नुसतं पाणी, भरपूर पाणी, एवढंच. हे मला माहीत आहे आणि अ‍ॅसिड विकणाऱ्याला माहीत नाही, हे कसं काय?

अंगणात तोवर चार-पाच लिटर सांडलेलं. वास असा की डोळे उघडत नव्हते. आणि रंगाच्या भांड्याखाली माझी लाकडाची भट्टी चालू, पंधरा पावलांवर. ह्याची वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही, जमिनीनं सरपटत जाते, आणि अंगणाचा उतार भट्टीकडेच. मी आधी मुलीला ओरडून भट्टी विझवायला लावली, तीही पाणी मारून पार गार केली. हे काम पाण्याच्या पाईपच्याही आधी झालं, दहा सेकंद असतील, पण ते दहा सेकंद मला अजून झोपेत दिसतात. एक जण गाडीतली तणीस आणून सांडलेल्यावर टाकत होता, शोषून घेईल म्हणून, त्याला थांबवलं, कारण तणीस म्हणजे जळण. दुसरा झाडूनं नालीत लोटत होता. आमची नाली बोडीत (लहान तळ्यात) जाते, बोडीत मासे आहेत, गुरं तिथंच पाणी पितात. बांधकामाची रेती पडली होती ती चारी बाजूनं बांधासारखी घातली, मग वरून, आणि शेवटी धुण्याचा सोडा थोडा थोडा. फसफसते, एकदम ओतलं तर अंगावर उडते. ती रेती प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरून ठेवली आहे. जस्ताच्या बादलीत भरायला लागले होते लोक, तेही नको, अ‍ॅसिड जस्त खाते आणि हायड्रोजन सोडते, तोही पेटणारा.

१०८ ची गाडी आली. डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, कोणतं अ‍ॅसिड, किती टक्के? मी कॅनकडे बोट दाखवलं. कॅनवर निळ्या मार्करनं लिहिलंय "ए ए ९९". बस्स. ना नाव, ना गंजवणाऱ्या मालाची खूण, ना पेटणाऱ्या मालाची, ना २७८९ हा नंबर, जो जगभर ह्या मालावर लिहितात. दुसऱ्या कंपनीचा कागद मोबाईलवर होता म्हणून निभलं. पोरगा आता बरा आहे, मांडीवरची जखम भरायला वेळ लागेल म्हणतात, हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. त्याचा मागावरचा हात आहे तो, साहेब.

आणि हो, कॅनबरोबर तुम्ही पातळ हातमोज्यांचं पाकीट फ्री पाठवलं होतं, दवाखान्यात घालतात तसले. ह्या अ‍ॅसिडपुढे ते काहीच कामाचे नाहीत, अ‍ॅसिड आरपार जाते आणि मोज्याच्या आत कातडीला चिकटून बसते. ह्याला ब्युटाइल रबराचे लागतात. ते फ्री पाठवले नाही तरी चालेल, पण खोटा भरवसा पाठवू नका.

असा माल पाठवताना गाडीवाल्याला पूर्ण माहिती द्यायची, ड्रायव्हरजवळ ट्रेम कार्ड (अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारा कागद) आणि गाडीवर पाटी पाहिजे, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमात आहे, आणि त्यात माल पाठवणाऱ्याचीही जबाबदारी आहे, एकट्या ट्रान्सपोर्टवाल्याची नाही. तुमचा माणूस मला म्हणाला की तुम्ही धंद्यासाठी घेता म्हणून ग्राहक कोर्ट तुमचं ऐकणार नाही. ऐकते. स्वतः राबून पोट भरणाऱ्यानं रोजीसाठी घेतलेला माल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाचाच धरतात. ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर मी तक्रार अजून टाकली नाही, पंधरा दिवस तुमची वाट बघते.

मला काय पाहिजे ते सांगते. दवाखान्याची बिलं जोडली आहेत, ती आणि पोराची बुडालेली मजुरी द्या. प्रत्येक कॅनवर छापील लेबल आणि सोबत एक पान मराठीत, मोठ्या अक्षरात, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईल असं. इमर्जन्सी नंबरवर माणूस बसवा ज्याला पाणी आणि सोडा ह्यातला फरक कळतो. पेरॉक्साइड वेगळ्या गाडीनं, वेगळ्या दिवशी.

आणि एक, जे मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं. आम्हाला ९९ टक्के लागतच नाही हो. आम्ही ते शेवटी पाण्यातच टाकतो. तुम्ही ६० टक्क्यांचं पाच-पाच लिटरच्या कॅनमध्ये द्या. ८० टक्के आणि त्याखालचं अ‍ॅसिड वाहतुकीत पेटणाऱ्या मालात धरत नाहीत, फक्त गंजवणाऱ्यात धरतात, आणि ६० टक्क्यांचं आमच्या थंडीत गोठतही नाही. भाजते ते, जपून घ्यावंच लागते, पण जानेवारीत चुलीचा प्रश्न नाही आणि मे महिन्यात भट्टीची एवढी धास्ती नाही. पाण्याचे पैसे लावा, भाडं जास्त लावा, मी देते. इथल्या रंगाईवाल्या आणखी सहा-सात जणी आहेत, त्याही घेतील, मी बोलले आहे त्यांच्याशी.

उरलेला कॅन मी उघडणार नाही आणि परत त्या गाडीत चढवूही देणार नाही. परसात निंबाच्या सावलीत, प्लास्टिकच्या टबात उभा ठेवला आहे, झाकण घट्ट करून, वर ओलं पोतं. न्यायला येताना पाटीची गाडी आणि कागद घेऊन या, आणि सकाळी आठच्या आत या. दुपारी आलात तर फाटक उघडणार नाही.

आपली,
कोशाची रंगाई करणारी एक ग्राहक
तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा

सोबत : बिलाची झेरॉक्स, दवाखान्याचे कागद, कॅनचे, झाकणाचे आणि गाडीतल्या तणशीचे फोटो