आधी मोरी उपसा

महोदय,

आमच्या वाडीचा रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला. पहिली पाच वर्षे देखभाल ठेकेदाराकडे असते, तोवर ठीक होते. मुदत संपली आणि रस्ता पोरका झाला. विचारले की एकच उत्तर: ‘निधी नाही.’

ओढ्याजवळची, रस्त्याखालून पाणी नेणारी मोरी पालापाचोळ्याने तुंबलीय. साइडपट्ट्या रस्त्याहून उंच झाल्यात, म्हणून पाणी डांबरावरच थांबते आणि खडी सुटते. गेल्या आठवड्यात तिथेच माझी दुचाकी घसरली. दोन्ही कॅन आडवे, सकाळचे सगळे दूध चिखलात. मोरी उपसायला दोन माणसे, एक दिवस पुरे. तेवढे होत नाही, नव्या डांबरीकरणाचे नारळ मात्र फुटतात (तेही निवडणुकीच्या तोंडावर!). देखभालीचा पैसा वेगळा ठेवा आणि मे महिन्यातच मोऱ्या मोकळ्या करा.

– एक दूध उत्पादक, ता. पाटण, जि. सातारा