मोत्याला शेतातच ठेवलंत, बरं केलंत

डेव्हन, इंग्लंड

ती. बाबा आणि आईस,
सा. नमस्कार.

आपला बैल मोत्या गेल्याचं दादाने फोनवर सांगितलं. माझी ड्युटी बिघडेल म्हणून तुम्ही इतके दिवस लपवलंत, ते समजलं. आई, मी नीट जेवते, झोपतेही. रडून आजारी पडायला मी काही लहान नाही. आवाज बसलाय तो पावसात भिजल्यामुळे.

बाबा, म्हाताऱ्या बैलासाठी जेसीबी बोलावला म्हणून गावात बोलतात, तर बोलू देत. मोत्याच्या मेहनतीचं आपण खाल्लंय, त्यांनी नाही. माझी नर्सिंगची फी ज्या पऱ्हाटीच्या कापसावर निघाली, ती त्यानेच डवरली होती. विहिरीपासून आणि संत्र्यापासून लांब, धुऱ्याला लागून खोल खड्डा घेतला, खाली-वर मीठ घातलं, आईने कपाळाला हळदकुंकू लावून पोळ्याची झूल अंगावर टाकली, असं दादा सांगत होता. फाटक्या काठाची, निळ्या गोंड्यांची, तीच ना गं आई?

आबांच्या वेळी ढोर मेलं की गावाबाहेर नेऊन टाकायचे, गिधाडं साफ करायची. आता गिधाडं कुठे राहिली? गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्यायचे, ते मेलेल्या गुरातून पोटात जाऊन ती मेली. २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद केलं. मोत्यालाही शेवटी इंजेक्शनं चालू होती. उघड्यावर टाकला नाहीत ते चांगलंच केलंत.

इथली रीत ऐकाल तर तुम्हाला पटणार नाही. आमचे घरमालक शेतकरीच. त्यांची मेंढ्या राखणारी कुत्री गेली, तिला सफरचंदाच्या झाडाखाली पुरलं, वर दगड, दगडावर नाव. लंडनच्या हाइड पार्कात तर १८८१ मध्ये चेरी नावाच्या कुत्र्याला पुरलं आणि पुढे तिथे कुत्र्यांची स्मशानभूमीच झाली. पण आमच्या ह्याच घरमालकांची गाय मेली, तर स्वतःच्या वावरात पुरायची सोय नाही! २००३ पासून कायद्याने बंदी. वेड्या गाईंच्या रोगाने इथे हाहाकार केला होता, मग २००१ मध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली, साठ लाखांवर जनावरं मारावी लागली. रोग माती-पाण्यात उतरू नये म्हणून एवढी काळजी. म्हणजे कुत्रं-मांजर घरचं, आणि गाय, बकरी, मेंढी, कोंबडी कितीही लाडाने पाळली तरी धंद्याची. मेली की फोन करायचा, परवानावाल्यांची गाडी येऊन घेऊन जाते. पैसेही आपणच द्यायचे.

मागे त्यांची म्हातारी गाय गेली तेव्हा मी अंगणातच होते. साखळीने ओढताना मागचा एक खूर फळीत अडकला. मालकांनी वाकून तो हाताने हळूच सोडवला, मग गाडीकडे पाठ करून किती तरी वेळ नुसतं फाटक पुसत बसले. बाबा, तुम्हाला तुमच्या मातीत त्याला ठेवता आलं, हे मला फार मोठं वाटतं.

मोत्याचा जोडीदार चांद्या कडबा सोडून उभा राहतो म्हणे. त्याला विकायचं कोणी सुचवलं तर ऐकू नका. खांदशेकणीला माझ्याही हाताची हळद-तूप लावा आणि पोळ्याला एकटाच असला तरी तोरणाखाली न्या. झडत्यांची गाणी ऐकली की कान टवकारतो तो.

दादाच्या खात्यात पैसे टाकलेत. जेसीबीचे द्या, सोसायटीचा हप्ता भरा, उरतील त्यात चांद्याला जोडीदार बघा. परत पाठवू नका, मला इथे काही कमी नाही. मूठभर माती टाकायलाही मी तिथे नव्हते, एवढं तरी करू द्या.

वर्ध्याच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही, आई. सुट्टी मंजूर झाल्याशिवाय तारीख तेवढी धरू नका. उंची, पगार, पत्रिका तू बघशीलच. पण मुलगा आत्तापासूनच आपलं वावर विकून नागपुरात फ्लॅट घेण्याच्या गोष्टी करत असेल, तर त्यांना तिथूनच नाही कळवून टाका.

तुमची,
ताई