टॉरेन्सची नोंदवही आणि आपला सातबारा

मा. संपादक,
स. न.

जमिनीच्या मालकीला सरकारने हमी द्यावी आणि त्यासाठी ऑस्ट्रेलियातली टॉरेन्स पद्धत (सरकारी नोंदवहीतली नोंद हीच मालकी) उचलावी, असे सुचवणारा लेख आपल्या अंकात वाचला. पद्धतीचे वर्णन चोख आहे. पण ‘तिथे जमले, मग इथे का नाही?’ हा लेखातला प्रश्न ज्या वसाहतीत ती पद्धत जन्मली तिचा इतिहास बाजूला ठेवून विचारलेला आहे. उत्तर मात्र त्या इतिहासातच आहे.

ती वसाहत म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलिया. ती आधी लंडनमध्ये विकली गेली, मग वसली. योजना एडवर्ड गिबन वेकफिल्डची. श्रीमंत घरातली मुलगी पळवून लग्न लावल्याबद्दल तो न्यूगेटच्या तुरुंगात तीन वर्षे होता, तिथे त्याने ती रचली. (तुरुंगात आखलेली वसाहत पुढे ‘आमच्याकडे कैदी पाठवले नाहीत’ म्हणून मिरवत राहिली!) हिशेब साधा होता. जमीन फुकट वाटायची नाही, भाव चढा ठेवायचा. म्हणजे विलायतेतून आलेला मजूर लगेच मालक होणार नाही, काही वर्षे दुसऱ्याच्या शेतात राबेल. विक्रीचे पैसे पुढच्या मजुरांच्या जहाजभाड्याला लावायचे.

1834 च्या कायद्याने अट घातली की 35,000 पौंडांची जमीन विकल्याखेरीज आणि 20,000 पौंडांची ठेव ठेवल्याखेरीज वसाहत सुरू करता येणार नाही. एका जमीन-ऑर्डरची (पैसे भरून आगाऊ घेतलेल्या जमिनीच्या हक्कपत्राची) किंमत 81 पौंड: 80 एकर शेती आणि 1 एकर शहरी भूखंड, एकरी 20 शिलिंग. गिऱ्हाईक फिरकेना. शेवटी जॉर्ज फाइफ अँगस वगैरे मंडळींनी कंपनी काढली, भाव एकरी 12 शिलिंगांवर आला आणि त्याच 81 पौंडांत 134 एकर शेती व 1 एकर भूखंड देऊन 437 ऑर्डरी खपल्या. हे सगळे पाऊल ठेवण्यापूर्वी. जमीन कुणी पाहिलेली नव्हती, मोजलेली तर नव्हतीच.

तिथे पोचल्यावर गाडे अडले ते मोजणीत. कर्नल विल्यम लाइट याने जानेवारी ते मार्च 1837 या दोन महिन्यांत ॲडलेडचे 1,042 एकरी भूखंड आखून दिले. शहर झाले, पण शेतजमिनीची मोजणी रखडली. भूमापक मोजके, गाडी-बैलांची वानवा. पैसे भरलेल्या लोकांना शेत मिळेना, म्हणून ते शहरातच बसून भूखंडांची खरेदी-विक्री करू लागले. पेरणी नाही, धान्य बाहेरून.

त्यात कारभाराला दोन धनी. राजाचा गव्हर्नर जॉन हिंडमार्श वेगळा आणि जमीन व तिचा पैसा सांभाळणारा निवासी आयुक्त जेम्स फिशर वेगळा. दोघांचे पटले नाही. 1838 मध्ये हिंडमार्शला परत बोलावले आणि त्याच वर्षी लाइटनेही राजीनामा दिला. पुढचा गव्हर्नर गॉलर याच्याकडे दोन्ही अधिकार एकवटले. त्याने मोजणी रेटली, रस्ते-इमारती उभ्या केल्या, पण त्यासाठी लंडनवर काढलेल्या हुंड्या परत आल्या. 1842 च्या कायद्याने आयुक्तांचा कारभार मोडून वसाहत सरळ राजसत्तेखाली घेतली.

आता ज्याच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते तो टॉरेन्स. त्याचा कायदा 1858 चा. नोंदवहीत प्रत्येक मिळकतीला एक पान, त्याची दुसरी प्रत मालकाच्या हाती. विक्रीच्या वेळी मालकाने आपली प्रत हजर करायची, शेरा दोन्हीकडे मारायचा. हक्क बदलतो तो या नोंदीने. नुसती सही करून बदलत नाही. मागचे दस्त चाळायची गरज संपली. चुकून कुणाचा हक्क गेलाच, तर भरपाईला हमी निधी.

हे जमले कशामुळे? 1858 मध्ये तिथला जुन्यात जुना दस्त वीस-बावीस वर्षांचा होता आणि प्रत्येकाच्या मुळाशी विकणारा एकच, ब्रिटिश राजसत्ता. पाटी कोरी होती, कारण ती आधी पुसली होती. 1834 च्या कायद्याने तो सगळा मुलूख ‘पडीक आणि वस्तीरहित’ ठरवला. तिथे कौरना लोक राहत होते. 1836 च्या राजाच्या सनदेत मूळ रहिवाशांच्या प्रत्यक्ष वहिवाटीला बाध येणार नाही, असे कलम होते. पण लंडनमध्ये ऑर्डरी खपल्या होत्या आणि मोजणीच्या नकाशावर कौरनांची वहिवाट कुणी दाखवलीच नाही. टॉरेन्सच्या वहीत त्यांना पान मिळण्याचा प्रश्नच आला नाही. ‘ओसाड भूमी’चा सिद्धांत ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने माबो खटल्यात फेटाळला तो 1992 मध्ये, तेव्हाही विकून पूर्ण मालकीने दिलेल्या जमिनीवरचा मूळ हक्क संपला, असेच धरले गेले. 2018 मध्ये कौरनांचा हक्क मान्य झाला, तोही मोजक्या तुकड्यांवर.

इकडे कोल्हापुरात मात्र इंग्रजांनी शेतकरी आणून वसवले नाहीत. पोलिटिकल एजंट बसवला आणि दरबाराच्या नाड्या हातात घेतल्या. जमिनीवरचे जुने थर तसेच राहिले: वतन, इनाम, कूळ, पोटहिस्सा. शाहू महाराजांनी 1918 मध्ये कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले, पण करवीर-पन्हाळ्याच्या कुठल्याही गावात फेरफार मागे मागे उलटत गेलात, तर हे थर आजही लागतात. दस्त नोंदला म्हणजे मालकी सिद्ध झाली असे आपल्याकडे नाही. फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आणि महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे ती नोंद खरी धरायची, ती ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’. या तीन शब्दांवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात, हे खरे. पण त्याच शब्दांच्या आधाराने वारस लावताना वगळलेली बहीण आणि नोंद न झालेले कूळ अजून दाद मागू शकतात.

मालकीला हमी देण्यासाठी नीती आयोगाने केलेल्या 2020 च्या नमुना कायद्यात नोंदवही जाहीर झाल्यावर हरकतीला तीन वर्षे आहेत, त्यानंतर नोंद अंतिम. असा कायदा इथे आणायचाच, तर आधी प्रत्येक पोटहिस्स्याची मोजणी होऊन ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) निघावी आणि मोजणीच्या दिवशी प्रत्यक्ष कसणाऱ्याचा जबाब घ्यावा. वारस नोंदी मयताच्या सगळ्या मुला-मुलींना लेखी नोटीस पोचल्याची पोच जोडूनच धराव्यात, आणि हक्कसोडपत्र असेल तर सोडणारीला समक्ष विचारावे. नोटीस चावडीच्या फळ्यावर लावली, एवढ्यावर तीन वर्षांचे घड्याळ सुरू करू नये.

– एक वाचक, कोल्हापूर