ते ग्लॅडिओलस नाहीये रे

सुहास,

तू पाठवलेला त्या रानफुलाचा फोटो काल रात्री नीट बघितला. फूल ओळखणारं तुझं ॲप काहीही सांगतंय, ते ग्लॅडिओलस नाहीये. घराणं बरोबर आहे, आयरिसचंच, कारण पुंकेसर तीनच दिसतायत, लिलीत सहा असतात. पण त्या घराण्याच्या एकट्या दक्षिण आफ्रिकेत हजाराहून जास्त जाती आहेत, मग नुसतं घराणं कळून काय उपयोग!

तू डार्लिंगला होतास ना, केप टाऊनच्या उत्तरेला, तिथे सप्टेंबरात निळं आणि मध्ये लालभडक फूल म्हटलं की दोन नावं आधी आठवतात. एक गाइसोराइझा रेडियन्स, तिथे त्याला वाइनकप म्हणतात, आणि दुसरं बबियाना रुब्रोसायनिया. वरून बघितलं तर कुणीही फसेल. वाइनकपमध्ये लाल आणि निळ्याच्या मधे पांढरी कड असते, बबियानात लाल संपलं की थेट निळं सुरू. आणि तुझ्या फोटोत नेमकी तिथेच उन्हाची चमक आलीये, त्यामुळे कड आहे की नुसता उजेड आहे काही कळेना. मग मी फुलाचा नाद सोडला आणि झूम करत करत खाली डाव्या कोपऱ्यात गेलो तर एक अर्धं पान सापडलं, साडीच्या निऱ्यांसारख्या उभ्या घड्या आणि वर चक्क लव! वाइनकपचं पान अगदी अरुंद असतं, ते असं नसतंच. म्हणजे बबियाना, माझ्याकडून पक्कं.

फुलावर तो केसाळ भुंगेरा बसलाय ना, तोही जुळतो, परागीभवनाचं काम त्यांचंच. खाली भरीव गड्डा असतो, तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो म्हणून तो कोरडा उन्हाळा मातीत झोपून काढतो, आणि बबियानाचे गड्डे बबून उकरून खातात म्हणे. गोल्डब्लाट आणि मॅनिंग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2007 साली बबियानाची अख्खी वर्गवारी नव्याने मांडलीये.

पुढच्या वेळी कड्यावर झोपून फुलाच्या तोंडाचे फोटो काढण्यापेक्षा बाजूने, जमिनीपासून देठ-पान सगळं येईल असा एक तरी काढ. ऊन वर आल्यावर जा, ढगाळ दिवशी यातली बरीच फुलं उघडतच नाहीत. आणि हो, फोटो टाकशील तेव्हा लोकेशन काढून टाक, तिकडे रानातली झाडं उपटून विकणारे लोक आहेत आणि ही जात मुळातच छोट्याशा पट्ट्यात उरलीये, आजूबाजूला सगळी गव्हाची शेतं.

बाकीचे फोटो पाठव, ते पिवळं कोणतंय ते बघायचंय.

तुझा,
मिलिंद