त्या घरी एकटी जाऊ नकोस

डिचोली,
रविवार रात्र

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

तू ताटावरून उठून गेलीस. बांगड्याचं हुमण रात्री बाबांनी संपवलं, त्यामुळे त्याचं दुःख नाही. मडगावला पोचल्याचा निरोपही बाबांनाच दिलास. बरं.

नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेल्या तुझ्या त्या अशिलाच्या घरी, त्या वाड्यावर, एकटीने जाण्याविषयी मी इथे काही लिहिणार नाही. ते बोलून झालंय.

तुझ्या टेबलावर सुझन ग्लास्पेलची ती १९१७ सालची कथा राहिली होती, ती वाचली. निबंधाच्या वेळी तू ऐकवलीस तेव्हा माझं अर्धं लक्ष दुधावर होतं. आज शब्दकोश घेऊन बसले. नवऱ्याचा गळा आवळलेला, बायको कोठडीत. शेरीफ आणि वकील माडीवर आणि गोठ्यात पुरावा शोधतायत, आणि स्वयंपाकघरातल्या बायकांची जाता-येता चेष्टा करतायत. बायकांना मात्र दिसतं की गोधडीचा एकच चौकोन वेडावाकडा शिवलाय. मग तिचा मान पिरगाळलेला पक्षी सापडतो, खुनाचं कारण सांगणारा, आणि त्या तो लपवतात. गोधडीचं मला तुझ्याआधी कळलं असतं हो. हात थरथरत असताना टाका कसा पडतो ते तुला कुठून माहीत असणार? तू बटणसुद्धा माझ्याकडे आणतेस.

लेखिका आधी वार्ताहर होती आणि अमेरिकेतल्या आयोवात नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेल्या एका शेतकऱ्याच्या बायकोवरच्या खटल्याच्या बातम्या तिने दिल्या, हे तूच सांगितलं होतंस. १९०१ साली त्या बाईला ज्यूरीने, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या साध्या नागरिकांनी, दोषी ठरवलं. ज्यूरीत सगळे पुरुष, कारण बाईला बसताच येत नव्हतं. पुढे वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला आणि दुसऱ्या ज्यूरीचं एकमत झालं नाही. म्हणजे कथेत बायकांना अर्ध्या दिवसात उमगलं, त्याला खऱ्या कोर्टात काही वर्षं गेली.

तुझ्या आजोबांना ज्यूरी म्हटलं की नानावटीच आठवायचा, बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणारा तो नौदलाचा अधिकारी. ते तेव्हा गिरगावात होते. दर मे महिन्यात ओसरीवर तीच गोष्ट: १९५९, तीन गोळ्या, नऊजणांची ज्यूरी, आठ विरुद्ध एक, निर्दोष! मग उच्च न्यायालयाने तो निकाल झुगारला हे जरा खालच्या आवाजात. बाहेर लोक कसे नौदलाच्या अधिकाऱ्याच्या बाजूने होते ते मात्र खुलवून. आजीने एकदाच विचारलं, 'आणि त्या बायलेचं काय झालं?' आजोबांनी पान लावायला घेतलं.

सर्वोच्च न्यायालयाचा त्यातला निकाल नोव्हेंबर १९६१ चा. तुझ्या निबंधातली ती फ्लोरिडाची बाई, जिने नवऱ्याला बॅटने मारलं आणि जिला सहा पुरुषांनी पंचवीस मिनिटांत दोषी ठरवलं, तिचंही अपील अमेरिकेत त्याच महिन्यात फेटाळलं. बायकांनी स्वतःहून नाव नोंदवलं तरच त्यांना ज्यूरीवर बोलवायचं, यात त्या न्यायमूर्तींना काही वावगं दिसलं नाही. पुढच्याच महिन्यात इथून पोर्तुगीज गेले. हे शाळेत शिकवताना माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. तुझ्या निबंधाला पहिला नंबर का मिळाला नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

आता आपल्याकडे खुनाच्या खटल्यात ज्यूरी नाही, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती संपलीच. समोर एक न्यायाधीश आणि कागद. आणि कागदात काय, तर पंचनाम्यात स्वयंपाकघराला दीड ओळ. नानावटीच्या निकालाने गुन्हा सौम्य ठरायला 'अचानक' चिथावणी हवी म्हटलं, पण गुवाहाटीच्या उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वर्षानुवर्षांची मारहाणही विचारात घेतली, म्हणून तुला तिथलं सगळं स्वतः पाहायचंय. हे मला पटतं. पण तुझ्या त्या अशिलाचे दीर तिथेच राहतात गे. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर आपल्या गोव्याच्या कायद्याने घरातल्या नवऱ्याच्या वाट्याचं अर्धं तिचं स्वतःचं आहे, आणि ते त्यांना ठाऊक आहे. घरासाठी माणसं काय करतात ते तू कागदावर वाचलंयस. संध्याकाळी सहानंतर त्या रस्त्याला एकही बस नसते, आणि तुझ्या स्कूटरचा दिवा…

लिहिणार नव्हते. सोड. बाईंची सवय, वर्ग समोर नसला तरी तोंड चालू.

कमळमावशी वैशाखातही लांब बाह्यांचा पोलका घालायची, तुला आठवत नसेल. लईराईच्या जत्रेला आम्ही साताठजणी तिच्या शेजारी बसलेल्या. घामाने तिची पाठ भिजलेली, आणि आमचं बोलणं अबोलीच्या वळेसराच्या भावावर. तिची चूल नेहमी सारवलेली असायची, डबे एका रांगेत. तिथे पोलीस आले असते तर त्यांनी लिहिलं असतं, सर्व व्यवस्थित. रांग एवढी सरळ का, हे आमच्यापैकी कुणीही सांगू शकली असती. आम्हाला कुणी विचारलं नाही.

तुला पक्षी लपवता येणार नाही, वकील आहेस. तुला तो कोर्टात ठेवायचाय आणि समोरच्या पुरुषाला तो दिसेल असं बोलायचंय. तू बोलशील. लहानपणी बाबल्याकाकाला गप्प करायचीस ती तू.

शनिवारी शाळा साडेअकराला सुटते. मी जेवण बांधून मडगावला येते, तिथून दोघी जाऊ. तू दिरांशी बोल, मी चुलीकडे पाहते. कुणी विचारलंच तर क्लार्क आहे म्हणून सांग.

तुझी,
आई

ता. क. धाकटा दीर बाबांच्या ओळखीचा निघाला. बाबा म्हणतात, तिघांत तोच वाईट. दिवा दुरुस्त करून घे.