फ्लेक्स छापू नकोस

लंडन, 7 नोव्हेंबर

ती. दादास,
सा. नमस्कार. आईलाही सांग.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. तू पाठवलेला फ्लेक्सचा नमुना बघितला. ‘सातासमुद्रापार गावाचा झेंडा फडकवणारी सुकन्या’! अरे, मी इथे प्रयोगशाळेत नळाचं पाणी तपासते, झेंडा कसला? आणि निदान पासपोर्टचा फोटो तरी लावायचा नव्हता.

वह्यावाटपाचा कार्यक्रम रद्द कर. पैसे मी पाठवणारच आहे. स्टेज, हार, भाषणं तेवढी नकोत.

सातवीत मला गणवेश मिळालेला, आठवतो? आम्हा अकराजणींना स्टेजवर ओळीनं उभं केलं आणि गणवेश छातीशी धरून फोटो काढला. एकीचे डोळे मिटले म्हणून परत काढला. कपडा इतका ढगळ, की आईला दोन्ही बाजूंनी टाके घालावे लागले. पोरं वर्षभर त्याला ‘फुकटचा’ म्हणत होती. देणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, ते आता कळतं. तरी अजून कुणी फोटोसाठी मोबाईल वर धरला की माझी मान खाली जाते.

साताऱ्याला कॉलेजात ‘कमवा आणि शिका’त होते तेव्हा असं कधी वाटलं नाही. सकाळी बागेत खुरपं, दुपारी ग्रंथालयात पुस्तकांवर नंबर चिकटवायचे. महिनाअखेरीस तास मोजायचे, रजिस्टरवर सही करायची, पैसे घ्यायचे. कुणापुढे वाकायचा प्रश्नच नव्हता. कर्मवीर अण्णांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसायची आणि राबायचीही. पोरांच्या जेवणासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आम्हाला हे इतक्यांदा सांगायचे की शेवटी आम्ही ऐकेनासे झालो. इथे एकटी राहायला लागल्यावर ते परत ऐकू यायला लागलं.

आज विद्यार्थी दिन. 1900 साली याच तारखेला साताऱ्याच्या शाळेत ‘भिवा’चं, म्हणजे बाबासाहेबांचं, नाव घातलं होतं. कामावरून सुटल्यावर चॉक फार्म स्टेशनला उतरून किंग हेन्रीज रोडवरच्या त्या घरासमोर जाऊन आले. बाबासाहेब 1921-22 साली तिथे राहत होते. 2015 साली आपल्या सरकारनं ते विकत घेतलं. इथे साडेचारलाच दिवेलागण होते, त्यामुळे भिंतीवरची निळी गोल पाटी जेमतेम वाचता आली. 1913 साली बडोद्याच्या महाराजांनी त्यांना अमेरिकेला धाडलं ते महिना साडेअकरा पौंड देऊन. आज तेवढ्यात इथे एक वेळचं जेवण होतं. परत आल्यावर दहा वर्षं नोकरी करायची, असा करारही लिहून घेतला होता. मला तो करार फार आवडतो. उपकाराचं ओझं नाही, रोखठोक व्यवहार. (पुढे बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना, ते दुखणं वेगळंच.) आणि त्यांनी फेड केली ती कराराबाहेरच, मुंबईला सिद्धार्थ कॉलेज आणि औरंगाबादला मिलिंद काढून.

आपला करार कुठे लिहिलेला नाही, दादा. दहावी झाल्यावर तू कोइमतूरला गलाईच्या दुकानात, सोनं-चांदी शुद्ध करायच्या कामावर गेलास. तेजाबाच्या वाफेत तुझी बोटं पिवळी पडायची. त्याच वर्षी मी वहीत नायट्रिक आम्ल आणि चांदीचं समीकरण लिहीत होते. चांदी विरघळते, सोनं तळाशी राहतं. मला त्याचे मार्क मिळाले, तुला मिळाला खोकला. फ्लेक्सवर फोटो टाकायचाच असला तर कुणाचा टाकायला हवा, ते तूच सांग.

तर आता असं कर. वस्तीवरच्या त्या दोघींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, तो खर्च नाही. प्रश्न पुढचा आहे, मेसचा आणि प्रवेशपरीक्षांच्या फीचा. मेसचे पैसे दर महिन्याला परस्पर मेसवाल्या मावशींकडे जमा कर. मुलींना ‘ताईंनी दिले’ असं सांगायचं नाही. सांगायचं एवढंच, की उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तीवरच्या बारक्या पोरांना गणित शिकवायचं, हजेरी मांडून. सरपंच रुसतील. त्यांना तू सांभाळ, तुला जमतं.

आणखी एक. माझ्या व्हिसाच्या वेळी वहिनींनी बोरमाळ मोडली. मला वर्षभरानं कळलं, तेही आईच्या तोंडून चुकून निघालं म्हणून. सोनाराची पावती पत्र्याच्या पेटीत असेल. वजन किती होतं ते बघून कळव. वहिनींना आत्ताच सांगू नकोस, त्या नको म्हणतील. सोनं मात्र तू स्वतः पारखून घे, मला त्यातलं फक्त समीकरण कळतं.

तुझी,
बारकी