उद्यमनगरच्या मिस्त्रीमामांस, मनापासून आभार

आदरणीय मिस्त्रीमामा,

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव कुठेही छापायचे नाही, असे तुम्ही बजावून सांगितले आहे, म्हणून ते लिहीत नाही. पण आभार मानायचे नाहीत असे काही तुम्ही म्हणाला नव्हता, आणि म्हणाला असता तरी ते मी ऐकले नसते. आमच्या परसात ओतलेले अॅल्युमिनियमचे पिंपळपान, देठापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड, हे पत्र लिहिताना माझ्यासमोर टेबलावर आहे आणि अजूनही मधूनच हात त्याच्याकडे जातो. हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे, कारण ज्यांनी मला दारातूनच परत पाठवले त्यांच्याही ते वाचनात यावे, अशी माझी इच्छा आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी दृष्टिहीन मुलांना विज्ञान शिकवते. पानाचा शिराविन्यास जाळीदार असतो किंवा समांतर असतो, हे वाक्य ती मुले ब्रेलमध्ये वाचतात, पाठ करतात आणि परीक्षेत बरोबर लिहितातही. पण पिंपळाच्या मधल्या शिरेपासून बाजूच्या शिरा कशा फुटतात आणि कडेला जाऊन एकमेकींना कशा मिळतात, हे बोटांना कळल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नसतो. खरे पान हातात दिले तर ते वर्गभर फिरून येईपर्यंत मलूल होते, वाळले की चुरा होतो, आणि कोवळ्या पानाच्या शिरा तर बोटाला नीट लागतही नाहीत. प्लॅस्टिकच्या पत्र्यावर उठवलेल्या आकृत्या मिळतात, पण त्यात कुणीतरी काढलेले चित्र असते, झाडाचे पान नसते. मला खऱ्या पानाचा ठसा हवा होता, धातूत, शक्य तितका पातळ, धुता येईल आणि वर्षानुवर्षे शेकडो बोटांखाली टिकेल असा.

कोल्हापुरात हे काम अवघड जाईल असे मला वाटलेच नव्हते. या जिल्ह्यात उसाला पाणी द्यायला ऑइल इंजिने लागली, इंजिनांना ओतकाम लागले, आणि त्यातून उद्यमनगर उभे राहिले, ते पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलपर्यंत पसरले. देशभर धावणाऱ्या गाड्यांचे सुटे भाग जिथे वाळूच्या साच्यात ओतले जातात, तिथे तळहाताएवढे एक पान कुणीही ओतून देईल, अशा भरवशाने मी निघाले. एका ठिकाणी किती टन माल लागणार हे आधी विचारले आणि उत्तर ऐकून पुढे बोलणेच थांबवले. दुसऱ्या ठिकाणी डायचा, म्हणजे धातूच्या कायमच्या साच्याचा, खर्च सांगितला, तो आमच्या वर्षभराच्या शैक्षणिक साहित्याच्या तरतुदीहून जास्त होता. तिसऱ्या ठिकाणी, "बाई, हे तुमचे काम नव्हे," एवढेच ऐकायला मिळाले, तेही मान वर न करता. मोठ्या कारखान्याला एकेका पानासाठी थांबणे परवडत नाही, हे मला समजते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती, घरीच करून बघा म्हणून मला वाळू आणि माती विकणाऱ्या त्या विक्रेत्याबद्दल. त्याने बांधकामाच्या वाळूसारखी जाडीभरडी वाळू दिली, आणि साचा ढासळतो असे सांगायला गेले तेव्हा, "पाणी वाढवा, घट्ट बसेल," असा सल्ला दिला. वितळलेल्या धातूखाली पाण्याची वाफ होते तेव्हा तिला मूळ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा लागते, आणि ती जागा मिळाली नाही की वाफ धातूलाच बाहेर फेकते. ओल्या साच्यातून धातू उसळून वर आला तेव्हा माझ्या हातात लांब दांड्याची सांडशी होती आणि पायांत चामड्याचे बूट होते, म्हणून निभावले. या धंद्यात ज्याचा जन्म गेला त्याला हा धोका ठाऊक नसणे शक्य नाही, आणि ठाऊक असताना तसा सल्ला देणे मला आजही क्षमा करण्यासारखे वाटत नाही.

तुमची भेट झाली ती अशाच एका नकारानंतर. पॅटर्नच्या, म्हणजे साच्यासाठी लागणारे नमुने करणाऱ्या, दुकानात मालक मला वाटेला लावत होते आणि तुम्ही बाजूला स्टुलावर बसून सगळे ऐकत होता. मी बाहेर पडले, तर तुम्ही मागोमाग रस्त्यावर आलात आणि विचारलेत, "पान कुठल्या झाडाचं?" मामा, इतक्या लोकांना भेटले, पण हा प्रश्न तोवर कुणीही विचारला नव्हता. मी पिंपळ म्हणाले. तुम्ही क्षणभर विचार करून म्हणालात, "शेपटी त्रास देणार," आणि मंगळवार पेठेतला पत्ता विचारून घेतलात.

संध्याकाळी तुम्ही आलात ते पिशवीत तुमची स्वतःची वाळू घेऊन. सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याकडची सिलिका वाळू, बारीक चाळलेली, त्यात बेंटोनाइट, म्हणजे दाणे धरून ठेवणारी चिकणमाती, आधीच मळलेले. माझी वाळू तुम्ही बोटांत चोळून पाहिलीत आणि काही न बोलता बाजूला सारलीत. मला खूप बोलायचे होते, काय काय झाले ते सगळे सांगायचे होते, आणि तुम्ही ऐकूनही घेतलेत. पण मध्येच चूक कुणाची, असे एकदाही विचारले नाहीत. मग तुम्ही वाळूवर पाणी शिंपडलेत, उलथीपालथी केलीत, आणि मला म्हणालात, "आता मूठ घ्या."

मी मूठभर वाळू घेऊन दाबली. मूठ उघडायच्या आत तुम्ही तुमचा हात माझ्या मुठीवर ठेवलात आणि दाबलेत. तुमच्या तळहाताची कातडी इतकी राठ होती की आधी मला तीच जाणवली, आणि मग हळूहळू आतली वाळू जाणवू लागली: कुठपर्यंत ती नुसती सरकत होती, कुठे दाणे एकमेकांना धरू लागले, आणि कुठे पोहोचल्यावर आणखी दाबण्यात अर्थ नव्हता. हात काढून तुम्ही ढेकूळ मधोमध मोडायला लावलेत. कडा स्वच्छ तुटल्या, बोटांचे ठसे तसेच राहिले, आणि तळहाताला ओल लागली नाही. तुम्ही आणखी थोडे पाणी मारलेत आणि पुन्हा माझ्या मुठीवर हात ठेवलात, जेणेकरून जास्त झालेले पाणी कसे लागते हेही माझ्या हाताला कळावे. मग कोरडी वाळू मिसळून परत पहिल्यासारखे. हे सगळे करताना तुम्ही जवळजवळ काहीच बोलला नाहीत. पाणी शेकडा तीन ते चार भाग असावे, हे मी आधीच वाचलेले होते. पण तीन-चार भाग म्हणजे हाताला काय, हे मला त्या संध्याकाळपर्यंत कुणीही सांगितले नव्हते. गुऱ्हाळावर गुळव्या पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी बोटांत फिरवून काहील उतरवायची वेळ ठरवतो, तशी ही खूण आहे, आणि अशी खूण हातातून हातातच द्यावी लागते.

माझे सगळे काम बोटांनी शिकणाऱ्या मुलांसोबत चालते. एखादी वस्तू ओळखू येत नसेल तर मी मुलाच्या हातावर हात ठेवून ती त्याच्यासोबत चाचपते; हे मी रोज करते. पण माझ्या हातावर हात ठेवून मला कुणी शिकवावे, हे किती काळाने घडले ते मला आठवेना. तुम्हाला यात विशेष काही वाटले नसेल, कारण तुमच्या उस्तादांनी तुम्हाला असेच शिकवले असणार. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, आणि आजही ते आठवले की घसा दाटून येतो.

बाकीचे तुम्ही पुढे थोडे थोडे करून दाखवलेत, त्याची जंत्री इथे देत नाही. तरी दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिली धातूची. भांड्यांचे आणि तारांचे अॅल्युमिनियम जवळपास शुद्ध असते, ते ६६० अंशांना वितळते, पण पातळ साच्यात धड धावत नाही. दोन-तीन मिलिमीटरच्या पोकळीत ते अर्ध्या वाटेवरच थिजते. तुम्ही इंजिन दुरुस्तीवाल्याकडून मोडीतले पिस्टन आणून दिलेत आणि तेल, काजळी पार निघेपर्यंत मला ते घासायला लावलेत. पिस्टनच्या मिश्रधातूत साधारण शेकडा बारा भाग सिलिकॉन असते, त्यामुळे तो शुद्ध धातूच्या बराच आधी वितळतो आणि पाण्यासारखा कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो. लोणारी कोळशाच्या त्याच भट्टीत, त्याच मुशीत, फक्त धातू बदलल्यावर पानाच्या बारीकसारीक शिरा उमटून आल्या.

दुसरी गोष्ट शेपटीची. पिंपळाच्या पानाचे लांब निमुळते टोक दर वेळी अर्धेच येत होते. धातू पुरत नाही म्हणून मी तो अधिक तापवत होते, कारण तसेच सांगणारे मला भेटले होते. तुम्ही जुन्या छत्रीची एक काडी घेतलीत, शेपटीच्या अगदी टोकाशी साच्याला सुईएवढे भोक पाडलेत आणि म्हणालात, "आतल्या हवेला दार नको का?" धातू अडत होता तो कोंडलेल्या हवेला. मग धातू ओतायची वाट वाळूची वाटी बसवून उंच केलीत, म्हणजे वरच्या धातूच्या वजनाने खालचा पुढे रेटला जातो. साच्याच्या तोंडावर शंखजिऱ्याच्या मऊ भुकटीची पुरचुंडी हलकेच आपटलीत. साच्याची पेटी उघडल्यावर शेपटी पूर्ण आलेली होती, आणि टोकावर छत्रीच्या काडीएवढा धातूचा काटाही आलेला होता. तो मी कानसलेला नाही. ते पान मुलांना द्यायचे नाही, माझ्याकडेच ठेवायचे आहे.

पैशांचा विषय मी काढला तेव्हा तुम्ही चहा मागितलात. वाळूचे तरी पैसे घ्या म्हणाले, तर म्हणालात, "वाळू काय, परत चाळून वापरायचीच असते." मामा, तुमच्यासारखी माणसे मदत केल्याचे ओझे समोरच्यावर टाकत नाहीत, हे मी पाहिले. या गावात तशी माणसे पुष्कळ आहेत, यावर माझा विश्वास आहे. कुणाच्या दारात गाडी बंद पडली तर नाव न विचारता बॉनेट उघडणारी, पाहुण्याला पत्ता सांगण्याऐवजी तिथपर्यंत नेऊन सोडणारी. पण ज्याच्या हातात विद्या आहे त्याने समोरच्याची पात्रता न जोखता ती देऊन टाकावी, हे मला त्याहून मोठे वाटते. तुम्ही मला बाई म्हणून कमी लेखले नाहीत आणि मास्तरीण म्हणून जास्तही मानले नाहीत. फावडे हातात दिलेत आणि वाळू उलथायला लावलीत. ज्या मालकांनी मान वर केली नाही त्यांच्याकडे यंत्रे होती, भट्ट्या होत्या, माणसे होती. एक प्रश्न विचारायला त्यांना यातले काहीच लागले नसते.

पाने मुलांच्या हातात गेली तेव्हा तुम्ही यायला हवे होते. तुम्ही टाळलेत, म्हणून सांगते. पिंपळ आणि पळस सगळ्यांनी लगेच ओळखले. आपट्याचे पान मात्र एका मुलीने बराच वेळ सोडले नाही. दसऱ्याला दर वर्षी सोने म्हणून ते तिच्या हातात पडते, पण देठाशी एकाच जागेपासून शिरा दोन्ही पाळ्यांत पंख्यासारख्या उलगडत जातात, हे तिला पहिल्यांदा समजले होते. एकाने पान उलटे करून गुळगुळीत बाजू चाचपली आणि विचारले, "बाई, या बाजूला शिरा का नाहीत?" त्या बाजूला आपण जाडीसाठी मेणाची पट्टी बसवली होती, हे सांगितल्यावर त्याला मेण कसे बसवले, वाळू कशी दाबली, पेटी कशी उलटली, सगळेच हवे झाले. तास संपला तरी तो तेच विचारत होता. त्याला मी शब्दांत सांगितले, पण ते पुरेसे नाही हे मला तुमच्यामुळे ठाऊक आहे. म्हणून आता शाळेत एक पेटी आणि कोरडी-ओली वाळू ठेवते आहे. भट्टी अर्थातच नाही. मुले वाळू मळतील, पान ठेवतील, साचा करतील, आणि धातू मी घरी ओतून आणीन. तुम्ही एकदा येऊन त्यांची वाळू बघावी, एवढी विनंती आहे. तुम्ही नको म्हणालात तरी मी पुन्हा विचारणार आहे.

आणि एक अडचण उरली आहे. समांतर शिराविन्यासासाठी मला बांबूचे पान करायचे आहे. ते अरुंद आणि लांब असल्यामुळे देठाकडून ओतलेला धातू टोकापर्यंत पोहोचत नाही, टोकाला हवेची वाट ठेवूनही नाही. पूर्ण कडेने पातळ आणि रुंद तोंड ठेवून बाजूने धातू घ्यावा, असे मला वाटते. पण मग ते तोंड कापताना पानच वाकेल अशी भीती आहे. की साचा थोडा तिरका धरून खालच्या टोकाकडून वर चढू द्यावा? तुमची बारीक करवत मी अजून परत दिलेली नाही. ती न्यायला याल तेव्हा हे सांगा. बुधवारी संध्याकाळी मी घरीच असते.

आपली,
विज्ञान शिकवणारी एक शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर